लिगामेंट नवं बसलं, कूर्चेचं काय? क्वांटिटेटिव्ह एमआरआयची पार्श्वभूमी

सोलापुरात तालमीत किंवा कबड्डी खेळताना गुडघा पिळवटून एसीएल (गुडघ्यातली हाडं जोडून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट) तुटलं, की बहुधा मांडीमागचा हॅमस्ट्रिंग टेंडन काढून त्याचं नवं लिगामेंट बसवतात. गुडघा लचकायचा थांबतो, पण कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची, झीज थांबतेच असं नाही. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या महिला फुटबॉलपटूंचे १२ वर्षांनंतरचे एक्स-रे तपासले, तेव्हा ५१ टक्के जणींच्या गुडघ्यात झिजेचा संधिवात आढळला. २००४ च्या त्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्याही होत्या.

एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, दिसते ती हाडांमधली फट. नेहमीच्या एमआरआयवर कूर्चेची जाडी आणि भेगा कळतात. भेगा पडण्याच्या कितीतरी आधी कूर्चेतले प्रोटिओग्लायकन (पाणी धरून ठेवणारे ऋणभारित रेणू) घटतात, कोलाजन या प्रथिनाच्या तंतूंची वीण सैल होते आणि पाणी वाढतं. खरं मोजायला हवं ते हे, आणि ते आकड्यांत मोजतो तो क्वांटिटेटिव्ह एमआरआय.

१९९० च्या दशकात डीजेमरिक पद्धत आली. शिरेतून नेहमीच्या दुप्पट गॅडोलिनियम (एमआरआयवर उठून दिसणारं औषध) द्यायचं, रुग्णाला चालवायचं, दीड-दोन तास थांबायचं. हे औषधही ऋणभारित, म्हणून प्रोटिओग्लायकन त्याला दूर ढकलतात; ते घटलेल्या जागी औषध जास्त शिरतं आणि ती जागा उघडी पडते. पण प्रतीक्षा लांबलचक, मूत्रपिंडाच्या रुग्णांना धोका आणि शरीरात साठणाऱ्या गॅडोलिनियमची चिंता. म्हणून इंजेक्शनविना होणाऱ्या टी१-रो आणि टी२ मॅपिंगकडे लक्ष वळलं. यात एमआरआयचा संकेत किती वेळात विरतो ते मोजून कूर्चेचा ठिकठिकाणच्या आकड्यांचा नकाशा काढतात; कूर्चा बिघडली की आकडा वाढतो. टी२ चा आकडा पाणी आणि कोलाजनची मांडणी सांगतो; टी१-रो प्रोटिओग्लायकनच्या घटीला अधिक संवेदनशील मानतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा २०११ चा अभ्यास रुग्ण मोजकेच असूनही महत्त्वाचा. दुखापतीत नडगीच्या हाडाच्या मागच्या-बाहेरच्या भागाला मुका मार बसतो. त्यावरच्या कूर्चेचा वाढलेला टी१-रो शस्त्रक्रियेनंतर वर्षभरानेही पूर्ण सावरला नव्हता. आतल्या बाजूची कूर्चाही तोवर बिघडू लागली होती.

आकडे फसवतातही. अक्कलकोटहून येऊन स्टँडवरून चालत आलेल्या रुग्णाला थेट यंत्रात घेतलं, तर भाराने पाणी दाबलं गेल्यामुळे टी२ कमी येतो. आधी अर्धा तास पाय मोकळे ठेवून बसवावं. कोलाजनचे तंतू यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास आले, की निरोगी कूर्चाही बिघडल्यासारखी दिसते. मांडीच्या हाडाच्या गोलाईवर हे नेहमी घडतं. नवं लिगामेंट बसवणाऱ्या धातूच्या स्क्रूजवळचा नकाशा विस्कटतो, तेवढा भाग मोजणीतून वगळावा. टी२ काढताना पहिला इकोही (यंत्राला परत मिळणारा पहिला संकेत) बहुधा सोडतात, कारण त्याने आकडा फुगतो.

एक स्कॅन सोलापुरात, पुढचा पुण्यात वेगळ्या यंत्रावर, असे दोन आकडे सरळ वजा करता येत नाहीत. यंत्र, कॉइल (गुडघ्याभोवती लावायचा संकेतग्राहक) आणि सेटिंग तीच हवीत, पहिली मोजणी शस्त्रक्रियेआधी हवी, आणि फिल्मबरोबर मूळ डायकॉम फाइल्सची (स्कॅनच्या डिजिटल प्रतिमांची) सीडी मागून घ्यावी. नकाशा पुन्हा काढायचा तर त्यातूनच निघतो.