खुशाली (कळवणं आणि कळवलं जाणं)

खुशाली म्हणजे घरातलं माणूस लांब गेलं की त्याने मागच्यांना आणि मागच्यांनी त्याला, आम्ही बरे आहोत तुम्ही कसे आहात, एवढं कळवत राहणं. शब्द फारसीतला, खुश आणि हाल मिळून झालेला, जुन्या पत्रांत यालाच क्षेम किंवा कुशल म्हणायचे. आता पत्रं गेली तरी काम तेच आहे, बाळ झालं, पास झाला, आजी पडली, यंदा गणपतीला येतोय, फराळ पोचला का, हे सगळं खुशालीतच मोडतं. मराठी घरांत यातली खरी गोम अशी की बातमी कळणं वेगळं आणि ती आपल्याला मुद्दाम कळवली जाणं वेगळं. पहिलं कुठूनही होतं, दुसऱ्यात मान असतो, आणि नात्यातले निम्मे रुसवे या दुसऱ्यावरून असतात.

सांगावा आणि कागद

टपाल घरोघर पोचायच्या आधी, आणि पोचल्यावरही बरीच वर्षं, खुशाली माणसाच्या तोंडूनच जायची. तिला सांगावा म्हणायचे. त्या गावाला जाणारा कोणीही चालायचा, बांगड्या भरायला फिरणारा कासार, बाजाराला निघालेला शेजारी, वारीला चाललेली म्हातारी. सासरी असलेल्या मुलीला सणाला आणायला माहेरून माणूस जायचं त्याला मूळ धाडणं म्हणतात, तो भाऊ किंवा काका म्हणजे चालतीबोलती खुशालीच, येताना इकडची सांगायची आणि जाताना तिकडची घेऊन जायची. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तिथे झोक्यावर बसून वर्षभराचं सगळं निघतं.

लिहिणाऱ्यांची रीत मात्र आधीपासून ठरलेली होती. पेशवाईतली पत्रं काढून बघा, लढाईची बातमी असो की कर्जाची, सुरुवातीला विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, आणि मग विशेष म्हणजे मुद्द्याचं. त्याचंच झिजून झिजून पुढे वि. वि. झालं, विनंती विशेष, जे आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेत अर्थ न कळता लिहिलंय. वाईट बातमी तर सरळ लिहायचीच नाही. पानिपतचं, १४ जानेवारी १७६१ चं, उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं, सावकारी पत्रातून नानासाहेब पेशव्यांना कळलं ते असं की दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. दोन मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. एका घरातला मुलगा आणि भाऊ गेल्याची बातमी हिशोबाच्या भाषेत आली.

पोस्टकार्ड हिंदुस्थानात १ जुलै १८७९ ला आलं, किंमत पाव आणा, आणि पुढच्या वर्षी, १८८० ला, पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली. या दोन गोष्टींनी जे केलं ते नंतर कुठल्याच यंत्राला जमलं नाही असं माझं मत आहे. पोस्टकार्ड उघडं, पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचणार, त्यामुळे त्यात काय लिहायचं नाही हे आधी शिकावं लागायचं. वर मधोमध श्री, उजवीकडे गाव आणि तारीख, मग ती. म्हणजे तीर्थरूप आईवडलांना, तीर्थस्वरूप बाकीच्या वडीलधाऱ्यांना, चि. धाकट्यांना, मोठ्यांना शि. सा. न. म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार नाहीतर लहानांना अ. उ. आ. म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, मग इकडील सर्व क्षेम. जागा संपत आली की अक्षर मुंगीएवढं होत जायचं आणि शेवटी समासात उभं लिहायचं, मोठ्यांस नमस्कार लहानांस आशीर्वाद, जमल्यास शंभर रुपये पाठवावे. ही आद्याक्षरं म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हता, त्यात बातमी असायची. आमच्याकडे जुन्या पत्रांची एक तार आहे, म्हणजे खालून वाकवलेली लोखंडी तार जिच्यात पत्रं टोचून ठेवायचे ती. तिच्यातल्या एका कार्डापर्यंत आजीच्या नावाआधी सौ. आहे आणि त्याच्या वरच्या कार्डावर गं. भा., म्हणजे विधवेच्या नावाआधी लिहायचे ते गंगाभागीरथी, आहे. मधलं कार्ड नाहीच. ते असणारही नाही, कारण मृत्यूचं कार्ड कोपरा फाडून पाठवायचे आणि ते उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकायचे. लग्नाच्या पत्राला उलट हळदकुंकवाची बोटं. म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही पत्र हातात पडल्या पडल्या कळायचं, रडायचं की हसायचं ते.

मनीऑर्डरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोकण. घरातला पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत, लालबाग-परळला एका खोलीत गावातली दहा-पंधरा माणसं पाळीपाळीने झोपणारी, खानावळीत जेवणारी. रत्नागिरीला मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणायचे ते थट्टेने असलं तरी खोटं नव्हतं. त्या फॉर्मच्या तळाला निरोप लिहायला एक छोटी पट्टी असायची, दोन-तीन ओळींची. पैसे मिळाले की पोस्टमन अंगठा घ्यायचा आणि पट्टी वाचून दाखवायचा, छपराचे पाहणे, पोराला शाळेत घालणे, गणपतीला येतो. बायको समोर उभी, आणि नवऱ्याचे शब्द पोस्टमनच्या तोंडून. उत्तरही कधी कधी त्यालाच लिहायला लागायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते, तेव्हा गावाला काय चाललंय ते कळायला वर्तमानपत्र लागलंच नसेल, मनीऑर्डर यायची थांबली यातच सगळं आलं.

एक नोंद मधेच करायला हवी, कारण पत्रं जायची ती पत्त्यावर आणि आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव नावाची गावं शोधायला गेलं तर प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिनकोड आला तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपाल खात्यातले अधिकारी आणि शिवाय संस्कृत कवी. ४ ने सुरू होणारे पिन आपल्या बाजूचे, गोव्याचा ४०३.

तार, ट्रंक कॉल, मिस्ड कॉल

तार आली म्हटलं की आधी बायका रडायला लागायच्या, मग कोणीतरी ती उघडायचं. पास झाल्याची, नोकरी लागल्याची तारही यायची आणि शुभेच्छांच्या तारांना तर ठरलेली वाक्यं आणि त्यांचे नंबर होते, फॉर्मवर नंबर लिहायचा, तिकडे पूर्ण वाक्य पोचायचं, पण भीती जायची नाही. शब्दाला पैसे पडत म्हणून मजकूर इंग्रजीत आणि दोन-चार शब्दांचा, फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली. माणूस गेलेलं असलं तरी सीरियसच लिहायचे, प्रवासात धक्का बसू नये म्हणून. पण हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे खरोखर नुसतं आजारी असलेल्या माणसासाठीही लोक एसटीत रडत यायचे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तोवर बहुतेकांना ती चालू आहे हेच माहीत नव्हतं.

वाईट बातमीचं गणित घाईशी बांधलेलं होतं ते सुतकामुळे. भाऊबंदांत दहा दिवसांचं सुतक, आणि नियम असा की दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस पाळायचे, नंतर कळलं तर त्याहून कमी, फारच उशिरा कळलं तर डोक्यावरून आंघोळ केली की झालं. म्हणजे धर्मशास्त्राच्या हिशोबात माणूस गेला कधी याच्याइतकंच तुम्हाला कळलं कधी हे महत्त्वाचं. यात मराठी माणसाने सोय शोधली नसती तरच नवल. घरात लग्न उभं असेल तर चुलत्याची बातमी मुद्दाम अडवून ठेवायची, मांडव उतरल्यावर सांगायची, आणि ज्याला आधीच कुणकुण लागलीय तोही न कळल्यासारखा अक्षता टाकतो. जन्माच्या वेळी पाळतात ती वृद्धी, नाहीतर सोयर, तिचेही दिवस दहाच, फक्त तिथे बातमी कोणी अडवत नाही. पेढे की बर्फी एवढंच विचारायचे, पेढे म्हणजे मुलगा आणि बर्फी म्हणजे मुलगी. आता बरीच घरं मुलगी झाली तरी पेढेच वाटतात आणि विचारणाऱ्यालाच ऐकवतात, ते बरंच आहे.

फोन आला तो आधी ट्रंक कॉल म्हणून, बुक करून तासन् तास बसायचं आणि लागला की दोन्हीकडून हॅलो हॅलो ओरडण्यात निम्मी मिनिटं जायची. मग नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, रात्री दर उतरतात म्हणून बाहेर रांग, काचेच्या खोक्यात डोळ्यासमोर लाल आकडे पळताहेत आणि आई तिकडून विचारतेय जेवलास का, काय जेवलास, भाजी कुठली होती. मोबाईल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे, ते २००३ मध्ये बंद झाले. खुशालीचं आजवरचं सगळ्यात आखूड रूप याच काळातलं, मिस्ड कॉल. पोचलास की एक रिंग दे. फुकटात, एका शब्दाशिवाय, आणि ती रिंग वाजेपर्यंत घरात दिवा मालवत नव्हते.

सण म्हणजे वर्षाचा हिशोब

लांब असलेल्यांची खरी गाठ पडते ती सणाला, आणि कोकणात सण म्हणजे गणपती. चाकरमानी, म्हणजे मुंबईला नोकरीला गेलेला गाववाला, बाकी वर्षभर कुठेही असू दे, त्या दिवसांत मूळ घरी. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तरी गणपतीतली गर्दी काही हटली नाही, जादा गाड्या, जादा एसट्या आणि महामार्गावर ट्रॅफिक हे ठरलेलं. पुष्कळ घरांत गणपती एकच आणि तो भावांत पाळीने, यंदा थोरल्याचा, पुढच्या वर्षी मधल्याचा. त्यामुळे वाटण्या झाल्या, बोलणं टाकलं, तरी आरतीला एका रांगेत उभं राहावंच लागतं. कोणाच्या पोराला स्थळ आलंय, कोणाची जमीन विकायला काढलीय हे दुपारच्या पंगतीनंतर ओटीवर कळतं. येऊ न शकलेल्याच्या नावाने करंज्या-मोदक बाजूला निघतात आणि मुंबईला परत जाणाऱ्याच्या पिशवीत बसतात.

ज्यांना जाता येत नाही त्यांच्याकडे सण पाकिटातून जातो. संक्रांतीला शुभेच्छापत्रात चिमूटभर काटेरी हलव्याची पुडी, पोचेपर्यंत काटे मोडून साखर झालेली. भाऊबीजेची ओवाळणी मनीऑर्डरने, आता यूपीआयने, आणि बहिणीचा लगेच उलटा मेसेज, एवढे कशाला. दिवाळीच्या आधी पुण्या-मुंबईतल्या दुकानांपासून पोस्टापर्यंत सगळे फराळ परदेशी पाठवायची सोय करतात. लाडू आणि शंकरपाळे ठीक पोचतात, चकलीचा चुरा होतो, अनारशाचं काही सांगता येत नाही, म्हणून आई चिवड्याच्या डब्यातच चकल्या खुपसते, चिवडा गादीचं काम करतो. आणि ज्या घरात वर्षभरात माणूस गेलंय तिथे तळण करत नाहीत, त्यांना बाकीचे नातेवाईक आपल्याकडचा फराळ नेऊन देतात, हेही कोणी कोणाला सांगावं लागत नाही, प्रत्येकाला हिशोब पाठ असतो.

साता समुद्रापारच्यांचं थोडं वेगळं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं, म्हणजे जिथे नातेवाईक नाहीत तिथे नातेवाईक गोळा करायची सोय जुनीच आहे. निळ्या एरोग्रामच्या, म्हणजे घडी घालून चिकटवायच्या परदेशी टपालाच्या पत्राच्या, दिवसांत पत्र पोचायला दोन-दोन आठवडे, मग लोक कॅसेट भरून पाठवायचे, घरातले सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसून एकेक जण बोलायचा आणि आजोबांची पाळी आली की ते रेडिओवर बोलल्यासारखं बोलायचे. कॅसेट न्यायची कोणी तर कोणीतरी जाणारं, त्याच्याच बॅगेत गोडा मसाला, मेतकूट आणि कालनिर्णय (१९७३ पासूनचं, आता त्याच्याशिवाय भिंत ओळखू येत नाही). तिकडे सण बहुधा शनिवार-रविवारी साजरा होतो, त्यामुळे इकडची भाऊबीज उरकली तरी तिकडचं लक्ष्मीपूजन बाकी असतं. आणि न्यू जर्सीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, पण नोव्हेंबरात ते लोक काटे फिरवतात की साडेदहा. दिवाळीच्या आगेमागे दर रविवारचा मुलाचा फोन एकाएकी तासभर उशिरा यायला लागतो आणि दरवर्षी आई तितकीच घाबरते.

ग्रुप

आता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. घराण्याचा एक ग्रुप, आडनावापुढे परिवार, त्यात आत्या, मावश्या, जावई, त्याचवेळी जावई वगळून एक, म्हाताऱ्यांना वगळून एक, आणि सहलीचा एक जो सहल होऊन चार वर्षं झाली तरी चालू आहे. पूर्वी घराण्याचा कुलवृत्तांत छापायचे, प्रत्येकाचा जन्म, लग्न, नोकरी, मुलं, ते काम आता हा ग्रुप रोज करतो, फक्त मधे सुप्रभात आणि हळदीचे फायदे येतात. एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायचं बंधन २०१८ मध्ये भारतात आलं, आमच्या काकांना ते अजून मान्य नाही.

अडचण एकच, इथे सगळ्यांना एकदम कळतं. पत्र आधी थोरल्याच्या हातात पडायचं, तो वाचून सांगायचा, त्यात क्रम होता. ग्रुपवर धाकट्या सुनेला आजेसासूच्या आधी कळतं आणि तिथून सुरू होतं. शिवाय निरोप एकावर एक चढतात. आमच्याकडे एका भाच्याच्या नोकरीची बातमी सकाळी आली, तिच्याखाली तासाभराने एका लांबच्या आजोबांच्या निधनाची, आणि अमेरिकेतला भाऊ झोपेतून उठून वरचं वाचत वाचत खाली आला आणि शेवटी लिहिलंन, अभिनंदन, पार्टी कधी. डिलीट करेपर्यंत अठरा जणांनी पाहिलं होतं.

म्हणून दोन गोष्टींना अजून फोनच लागतो, लग्नाचं आमंत्रण आणि मृत्यू. पत्रिकेचा फोटो टाकून खाली हेच आमंत्रण समजावे असं लिहिलं तर तरुण येतात, मोठे येत नाहीत. लग्न होऊन गेल्यावर मावशीला विचारलं तर ती म्हणते, हो ना, ग्रुपवर पाहिलं मी, छान होती पत्रिका.