टेपच्या पट्ट्यापासून नकाशाच्या कार्डापर्यंत: गाडीतल्या डेकची पार्श्वभूमी

जालना, बीड, परभणी, कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन घ्या. त्याच्याकडे डॅशबोर्डच्या नेहमीच्या तक्रारी दोनच: आवाज खरखरतो, नाहीतर नकाशा भलतीकडे नेतो. दोन्ही तक्रारी आता एकाच डब्याच्या, म्हणजे डेकच्या असल्या, तरी दोष पुष्कळदा डब्याबाहेर असतो. आधीच्या डेकसाठी कुणीतरी ओढलेली वायर, कापलेला कपलर (वायरी जोडणारा सॉकेट), दहा वर्षांपूर्वीचा नकाशा. त्यामुळे हा डबा कोणकोणत्या टप्प्यांतून आला ते ठाऊक असले की दोष शोधायला सोपे जाते.

गाडीत आधी आला रेडिओ. अमेरिकेत १९३० मध्ये मोटोरोलाचा रेडिओ बाजारात आला. आपल्याकडे रेडिओ बाळगायला पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे, ती पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. त्या काळातली एक अडचण जुने बाहेरदेशी डेक जमवणाऱ्यांना आजही भेटते. आपल्याकडे मध्यम लहरीवरची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, अमेरिकेत १० च्या. परभणी आकाशवाणीचे स्थान १३०५ वर. अमेरिकी मांडणीचा डिजिटल डेक १३०० वर थांबतो, नाहीतर १३१० वर. मधल्या जागी तो जातच नाही. अशा बऱ्याच डेकना तळाला ९ आणि १० चा बारीक स्विच असतो. तो बदलून रिसेट दाबायचे. जपानी वापरलेल्या डेकला मात्र हा उपाय नाही. त्याचे एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झपुरतेच, त्यामुळे संभाजीनगर आकाशवाणीचे १०१.७ त्यावर लागत नाही.

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि गाडीतला टेप हा खऱ्या अर्थाने दुरुस्तीचा धंदा झाला. पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. एवढ्या बारीक कामात मराठवाड्यातली मातकट धूळ आणि मे महिन्यातला डॅशबोर्ड. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग सत्तर अंशांच्या आसपास जातो. रबरी बेल्ट आधी सैल पडतो, मग चिकट काळा लगदा होतो. तो लगदा पुसल्याशिवाय नवा बेल्ट चढवला की आठ दिवसांत तोही घसरायला लागतो.

‘टेपनं कॅसेट खाल्ली’ ही त्या काळातली रोजची तक्रार. त्यात दोष पट्टी दाबून पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचा आणि गुंडाळणाऱ्या चाकाचा असतो. रोलर कडक आणि चकचकीत झाला की पट्टी तिरकी सरकते. पलीकडचे चाक सैल असेल तर पुढे आलेली पट्टी गुंडाळलीच जात नाही आणि रोलरभोवती वेढे बसतात. रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काळे निघायचे थांबेपर्यंत पुसायचा. तरी चकाकी राहिली तर बदलायचा. पॉलिश पेपरने घासलेला रोलर चार दिवस चालतो आणि पुन्हा पट्टी खातो. आवाज मंद आणि बोजड येत असेल तर हेडवरची धूळ पुसून हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत तार आवाज सर्वांत स्वच्छ कुठे येतो ते ऐकायचे. वेग चुकत असेल तर मोटरच्या पाठीला एक छिद्र असते, आत स्क्रूड्रायव्हरने फिरणारा प्रीसेट. तो मात्र बेल्ट नवा टाकल्याशिवाय फिरवू नये, नाहीतर जुन्या बेल्टची ढिलाई मोटरवर भागवल्यासारखे होते.

आवाजाच्या बाजूने खरा बदल झाला तो आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरच्या आयसीत, म्हणजे चिपमध्ये, आणि त्याचे देणे अजून फिटलेले नाही. टीडीए २००३ सारख्या पाच पायांच्या आयसीचे आउटपुट एका बाजूचे असते. आयसीतून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तिथून स्पीकरला प्लस आणि स्पीकरचा मायनस थेट बॉडीला. जीप, सुमो, ट्रॅक्स अशा गाड्यांत मग स्पीकरला एकच वायर ओढत आणि दुसरे टोक पत्र्याला स्क्रूने कसत. वायर वाचे, काम चाले. पुढे चार चॅनेलच्या ब्रिज आयसी आल्या. त्यात स्पीकरच्या दोन्ही टोकांवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे ६ ते ७ व्होल्ट, डीसी दाब असतो आणि आवाज दोन्ही टोकांतल्या फरकातून निघतो. असा डेक जुन्या वायरिंगला जोडला की मायनस टोक पत्र्याला भिडते. आयसी नशीबवान असेल तर प्रोटेक्शनमध्ये जाते, म्हणजे स्वतःला बंद करून घेते, नसेल तर धूर.

म्हणून जुन्या गाडीत नवा डेक बसवण्याआधी, डेक न जोडताच, मीटरने प्रत्येक स्पीकर वायर आणि बॉडी यांच्यात सातत्य पाहावे. एकही वायर बॉडीला लागलेली दिसली तर त्या स्पीकरला नवी जोडवायर ओढणे हाच उपाय. डेक जोडून चालू केल्यावर आठही टोकांवर बॉडीच्या तुलनेत साधारण सारखे सहा-सात व्होल्ट मिळाले पाहिजेत. एखाद्यावर शून्य असेल तर लगेच बंद.

खोक्यावर छापलेल्या ‘५० गुणिले ४ वॉट’चा हिशोबही इथेच लागतो. १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला ब्रिज आयसी सिद्धांताने सुद्धा २६ वॉटच्या वर स्वच्छ आवाज देऊ शकत नाही. प्रत्यक्षात वीसच्या आसपास. बाकीचा आकडा छापखान्याचा. जास्त हवे तर वेगळा अँप्लिफायर लागतो, आणि त्याला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, प्लस टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर हा फ्यूज हटकून गाळलेला असतो. वायर बोनेटच्या कडेला घासून उघडी पडते आणि बॅटरीची सगळी ताकद त्या एका ठिणगीत उतरते. ट्रॅक्टर निदान १२ व्होल्टचा. ट्रकमध्ये १२-१२ च्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, आणि डेकसाठी खालच्या, म्हणजे अर्थकडच्या, एकाच बॅटरीवरून फाटा काढायची खोड जुनी आहे. अल्टरनेटर दोन्हींना मिळून चार्ज करतो, वापर मात्र एकीचाच. खालची कायम अर्धी राहते, वरची जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. वर्षभरात जोडी बदलावी लागते, आणि दोष बॅटरीवाल्याला लागतो. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर, डेकच्या फ्यूजपेक्षा जास्त अँपिअरचा, एवढाच त्यावर इलाज.

सीडी १९८२ मध्ये आली, गाडीत दोनेक वर्षांनी. आपल्या भागात तिचा जम बसला तो एमपीथ्रीमुळे: ७०० एमबीच्या एका चकतीत दीडशेच्या आसपास गाणी. बंद पडण्याची कारणे थोडकी. भिंगावर धूळ, जिनिंगच्या भागात कापसाचे तंतू. कागदी लेबल उन्हात सुटून आत अडकणे. जास्त वेगाने लिहिलेली चकती. मग यूएसबी आले. त्यात एकच लक्षात ठेवायचे: जुना डेक एफएटी३२ मांडणीचाच पेनड्राइव्ह वाचतो.

वायरिंगला शिस्त आली ती आयएसओ कपलरने. डेकच्या दर्शनी भागाचे माप १८० बाय ५० मिलिमीटर, दुप्पट उंचीच्या डेकला १८० बाय १००. डेकच्या वायरींत पिवळी म्हणजे कायमची १२ व्होल्ट, लाल चावीवरची, काळी अर्थ, निळ्यावर पांढरी रेघ असलेली अँप्लिफायर जागा करणारी. पांढरा-करडा पुढच्या स्पीकरचे, हिरवा-जांभळा मागच्या. गाडीचा मूळ कपलर कापून पिळ मारून टेप गुंडाळणे हा सर्वांत महाग पडणारा स्वस्त उद्योग. अॅडॉप्टर शे-दोनशे रुपयांत मिळतो. पण अॅडॉप्टरही डोळे मिटून लावू नये. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत ४ आणि ७ या पिनांची, म्हणजे कायमच्या आणि चावीवरच्या दाबाची, अदलाबदल असते. तपासले नाही तर चावी काढली की डेक घड्याळ आणि स्टेशने विसरतो. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया बनू लागली आणि या भागातल्या वायरमनला या गटाची वायरिंग जवळून दिसली. चार अंकी कोड मागणारा रेडिओही त्याच गाड्यांतला. बॅटरी काढली की पडद्यावर ‘सेफ’, आणि दोनदा कोड चुकला की रेडिओ चालू ठेवून तासभर थांबायचे. पुढच्या मॉडेलांत तर लाल वायरच नाहीशी झाली. चावी फिरल्याची खबर कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या यंत्रांना जोडणाऱ्या संदेशवायरींवरून येते. तिथे साधा डेक बसवताना बरेच जण पिवळी-लाल एकत्र करतात. मग डेक कधी झोपतच नाही, आणि अर्ध्या अँपिअरच्या गळतीने ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत बसते. बंद डेकची ओढ दहा मिलिअँपिअरच्या आत असावी. मीटर डेकच्या पिवळ्या वायरच्या ओळीत लावून, दारे बंद करून, दहा-पंधरा मिनिटांनी आकडा पाहायचा.

नकाशाची वाट वेगळी होती. होंडाने १९८१ मध्ये जायरोस्कोपवर चालणारे यंत्र आणले. त्यात उपग्रह नव्हता. पडद्यावर पारदर्शक नकाशा ठेवायचा आणि ठिपका सरकत जाई. १९८५ मध्ये अमेरिकेत ईटॅक कंपनीने नकाशा चक्क कॅसेटवर भरला. चाकांचे फेरे आणि होकायंत्र यांवरून अंतर-दिशा मोजायची, आणि ठिपका रस्त्याच्या रेषेवर ओढून बसवायचा. ही रेषेवर ओढण्याची युक्ती आजही प्रत्येक नॅव्हिगेशनमध्ये आहे. उपग्रहाचा जीपीएस गाडीत बसवून आला तो १९९० मध्ये, जपानमध्ये माझदाच्या युनोस कॉस्मोत. अमेरिका तेव्हा नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, म्हणून शंभर मीटरपर्यंत फरक पडे. २ मे २००० ला ती मिसळणे बंद झाले. भारतात अडचण नकाशाचीच जास्त होती. मॅपमायइंडिया १९९५ पासून डिजिटल नकाशे बनवत होती, पण नकाशे बनवण्या-वापरण्यावरचे सरकारी निर्बंध मोठ्या प्रमाणात सैल झाले ते फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी.

‘नॅव्हिगेशन चुकतंय’ या एका वाक्यात म्हणूनच तीन वेगळ्या तक्रारी असतात. पहिली संकेताची. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, संकेत अत्यंत क्षीण. अँटेनाची चौकोनी टिकली आकाशाकडे तोंड करून, पत्र्याखाली नाही अशी बसवावी. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल, किंवा शेजारी स्वस्त यूएसबी चार्जर अथवा डॅशकॅम असेल तर उपग्रह गळतात. चार्जर काढून पाहणे ही पहिली तपासणी. अँटेनाच्या सॉकेटवर ३ ते ५ व्होल्ट येतात का, ही दुसरी. उपग्रहांच्या यादीत चार-पाचांच्या संकेताचा जोर तरी ३५ डेसिबल-हर्ट्झच्या वर दिसावा. बॅटरी काढल्यानंतर पहिल्यांदा ठिकाण सापडायला बराच वेळ लागू शकतो. उपग्रहांची पूर्ण यादी उतरायलाच साडेबारा मिनिटे जातात, तेवढ्यासाठी डेक बदलू नये. तारीख एकोणीस-वीस वर्षे मागे दाखवत असेल तर तो आठवडे मोजण्याचा घोळ: जीपीएसचा काटा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचा एप्रिल २०१९ मध्ये आला. उपाय सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा. निर्मात्याने ते दिले नसेल तर नाइलाज.

दुसरी तक्रार सेन्सरची. कंपनीच्या नॅव्हिगेशनला वेगाची पल्स आणि रिव्हर्सची वायर लागते. बाहेरच्या दुकानात बसवताना ही वायर बहुधा लोंबकळत सोडतात. जालन्याहून मुंबईला समृद्धीने जाताना इगतपुरीजवळच्या सुमारे पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यात फरक दिसतो: पल्स जोडलेली असेल तर बाण पुढे सरकत राहतो, नसेल तर तोंडाशीच थिजतो. टायरचे माप बदलले असेल तर कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते.

तिसरी नकाशाची, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त हीच. समृद्धीचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. त्याआधीच्या कार्डावर तो रस्ताच नाही. गाडी शेतातून चालल्यासारखी दिसते, किंवा रेषेवर ओढण्याच्या सवयीने जवळच्या जुन्या रस्त्यावर बसते आणि बाहेर पडायला वाट नसलेल्या ठिकाणी ‘डावीकडे वळा’ म्हणते. सोलापूर-धुळे रस्ता जुन्या कार्डात २११, आता ५२. कल्याण-नांदेड-निर्मल २२२ चा ६१ झाला. संभाजीनगर, धाराशिव शोधून सापडत नसेल तर आधीची नावे टाकावीत. पिंपळगाव, बोरगाव, वडगाव यांचा तर सुकाळ. तालुका आणि बुद्रुक की खुर्द हे बघितल्याशिवाय सुरुवात दाबू नये. आणखी एक: गाडीसाठी केलेले अॅप ट्रकला लावू नये. कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांना २०२३ पासून बंदी आहे, कारच्या मार्गात ती दिसत नाही.

भारताचे स्वतःचे, जीपीएससारखे ठिकाण सांगणारे ‘नाविक’ उपग्रह २०१३ ते २०१६ दरम्यान गेले. ते सुरुवातीला एल५ आणि एस या लहरींच्या पट्ट्यांवर होते, म्हणून साधा जीपीएस अँटेना त्यांना उपयोगी नव्हता. एल१ ची, म्हणजे नेहमीच्या जीपीएसच्या पट्टीची सोय मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून. नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून एआयएस-१४० या वाहन-मानकाप्रमाणे ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि आणीबाणीचे बटण बंधनकारक आहे. हे यंत्र पुष्कळदा डेकच्या मागेच बसलेले असते आणि त्याच्या पिवळ्या वायरवरून डेकला फाटा काढायचा मोह होतो. तसे करू नये. डेक जोरात वाजला की दाब खाली येतो, यंत्र रिसेट होते, आणि पासिंगच्या वेळी ठिकाणाच्या नोंदींत पडलेली भोके मालकाच्या माथी येतात. त्या यंत्राला बॅटरीपासून स्वतःचा फ्यूज, स्वतःची अर्थ, आणि त्याच्या वायरीवर दुसरे काहीही नको.