फिलाडेल्फियाच्या पडक्या वस्त्यांतील होलसेलिंग: लीड (घर विकू शकणारे मालक) येतात कुठून?

होलसेलर घर विकत घेत नाही. मालकाला थोडा विसार देऊन तो खरेदीचा करार करतो आणि तो करारच रोखीने घर घेणाऱ्या गुंतवणूकदाराकडे सोपवून मधली रक्कम घेतो. त्यासाठी बाजारभावाच्या बरेच खाली सुटणारे घर लागते. फिलाडेल्फियात अशी घरे केन्सिंग्टन, स्ट्रॉबेरी मॅन्शन या भागांत दाटून आहेत. हे आपोआप झालेले नाही.

१९३३ साली स्थापन झालेल्या 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' या सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक अमेरिकी शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना बहुतेक ठिकाणी लाल रंग मिळाला, म्हणजे कर्ज देण्यास 'धोकादायक'. दुसऱ्या महायुद्धानंतर गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, कारखाने बंद पडले. फिलाडेल्फियाची १९५० मधली २० लाख ७१ हजार लोकसंख्या २००० मध्ये १५ लाख १७ हजारांवर आली. १९६८ च्या कायद्याने घरांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरला. पण कर्जाविना दुरुस्ती अडलेली घरे तोवर खचत गेली होती.

त्यातच वारसनोंदीचा गुंता. आजोबा वारले, नातवंडे तिथेच राहतात, कागदावर नाव मात्र आजोबांचेच. प्यू या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये शहरात अशी १०,४०७ घरे मोजली. त्यांची किंमत १०० कोटी डॉलरहून जास्त.

होलसेलरची यादी इथूनच तयार होते. गल्लीतून गाडी हळू चालवत फळ्या ठोकलेल्या खिडक्या, साचलेली टपाले, दारावर चिकटवलेली पालिकेची नोटीस टिपायची. मग मालमत्ता कराची थकबाकी तपासायची. कराचे बिल दुसऱ्याच पत्त्यावर जात असेल, तर मालक तिथे राहत नसण्याची शक्यता मोठी. भावाचा हिशेब ठरलेला: दुरुस्तीनंतरची किंमत २ लाख डॉलर धरली, तर तिचे ७० टक्के १ लाख ४० हजार, त्यातून दुरुस्तीचे ५० हजार आणि स्वतःचे १० हजार वजा करून मालकाला ८० हजार.

व्यवहार फसतो तो बहुधा दोन कारणांनी. एकाच वारसाची सही घेतलेली असते आणि टायटल कंपनीच्या (मालकी हक्काची कागदपत्रे तपासणाऱ्या कंपनीच्या) तपासात बाकीची भावंडे निघतात. किंवा शेजारचे रिकामे घर गळत असते आणि रो-हाउसची सामाईक भिंत आतून कुजलेली निघते. ५० हजारांचा अंदाज तिथेच कोसळतो.

याहून गंभीर नुकसान मालकाचे. दारावर येणारा माणूस खरेदीदार नाही, हेच अनेक वृद्धांना कळत नसे, आणि घराचा खरा भाव सांगणारे जवळ कोणी नसे. म्हणून २०२० मध्ये शहराने होलसेलरांना परवाना सक्तीचा केला. पेनसिल्व्हेनिया राज्याचा २०२४ चा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू आहे: घर प्रत्यक्ष हस्तांतरित झाले नसेल, तर सहीनंतर ३० दिवसांपर्यंत मालक करार मोडू शकतो.