एंगेजमेंट म्हणजे कोणाची रे?

गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीत एचआरने पहिल्यांदा 'एंगेजमेंट सर्व्हे'चा, म्हणजे लोकांचं कामात किती मन आहे ते विचारणाऱ्या फॉर्मचा, मेल टाकला तेव्हा पॅकिंगमधल्या एकाने सरळ विचारलं, कोणाची रे? त्याला साखरपुडाच वाटला. आम्ही हसलो, पण नंतर मी जरा वाचायला लागलो की हे प्रकरण आलं तरी कुठनं, तर ते भलतंच जुनं निघालं.

शब्द मात्र तसा हल्लीचा आहे. १९९० मध्ये विल्यम कान नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने एका समर कॅम्पमधले १६ आणि एका आर्किटेक्ट फर्ममधले १६ जण जवळून बघितले आणि लिहिलं की माणूस कामात कधी जीव ओततो आणि कधी नुसता देह आणून ठेवतो. कामात काही अर्थ वाटला पाहिजे, तोंड उघडलं तर आपल्यावर शेकणार नाही असा भरवसा पाहिजे, आणि अंगात मनात तेवढी ताकद शिल्लक पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्याच दशकात गॅलप या अमेरिकन सर्व्हे कंपनीने आपला १२ प्रश्नांचा फॉर्म बनवला, त्यात एक प्रश्न असाय की गेल्या ७ दिवसांत तुमच्या चांगल्या कामाचं कोणी कौतुक केलं का. सात दिवस! आमच्याकडे लोक रिटायर होतात तेव्हा पहिल्यांदा शाल मिळते.

पण मूळ दुखणं हजेरीचं. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि तिथले लोक वाटेल तेव्हा दांडी मारायचे. तर दंड ठोकायच्या ऐवजी त्यांनी प्रॉव्हिडंट फंड काढला, विमा काढला, खेळांचे दिवस ठेवले. दयाळूपणा असेलच, पण मिल चालायला माणसं टिकायला हवी होती हे पण आहेच. तिकडे अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनियरने १९११ मध्ये अगदी उलटं शास्त्र मांडलं, स्टॉपवॉच लावा, हालचाली मोजा, जास्त केलं तर जास्त पैसे, विचार साहेब करेल. हे शास्त्र अजून मेलेलं नाही, आमच्या लाइनवर येऊन बघा.

मग येते ती सगळ्या ट्रेनिंगमध्ये सांगतात ती हॉथॉर्नची गोष्ट. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा टेलिफोनचं सामान बनवणारा मोठा कारखाना, १९२४ पासून तिथे उजेड कमीजास्त करून काम वाढतं का बघितलं. नंतर १९२७ मध्ये रिले (टेलिफोनमधला विजेवर चालणारा स्विच) जोडणाऱ्या पाच मुली आणि त्यांना सुटे भाग देणारी सहावी अशा वेगळ्या खोलीत बसवल्या, मधली सुट्टी दिली, वेळ कमी केला, आणि उत्पादन वाढत गेलं. निष्कर्ष काय, तर कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय म्हणून माणूस खूश. एल्टन मेयो या हार्वर्डच्या प्राध्यापकाचं नाव यातूनच गाजलं. ट्रेनरसाहेब काय सांगत नाहीत तर त्या मुलींपैकी दोघींना जास्त बडबड करतात, सहकार्य करत नाहीत म्हणून मधेच काढून दुसऱ्या आणल्या होत्या! आणि २०११ मध्ये लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी उजेडाच्या प्रयोगाचे जुने आकडे शोधून परत तपासले तर पुस्तकात छापतात तसला चमत्कार त्यात सापडलाच नाही. मला स्वतःला त्याच कारखान्यातली दुसरी खोली जास्त खरी वाटते, वायरिंगवाल्या १४ पुरुषांची. त्यांनी आपसात ठरवून टाकलेलं की दिवसाला इतकंच करायचं, जो जास्त करेल त्याच्या दंडावर गुद्दा. साहेबाच्या शाबासकीपेक्षा बाजूला बसणाऱ्याचं मत भारी.

१९५९ मध्ये हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना विचारून सांगितलं की पगार कमी असेल तर माणूस चिडतो, पण काम करावंसं वाटतं ते कामगिरी आणि मान यामुळे. यातला मान आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

कारण गोव्यात कारखाने आले उशिरा, झुआरीचा सांकवाळचा खताचा प्लांट १९७३ चा, वेर्णा वगैरे त्याच्याही नंतर, पण मान कोणाला हे गावात आधीपासून पक्कं ठरलेलं. देवळात पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाच्या हातात, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्यात. गावकरीत, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या कोमुनिदादमध्ये, वर्षाकाठी गावकराला, म्हणजे गावच्या मूळ घराण्यातल्या पुरुषाला, जोण म्हणजे उत्पन्नातला वाटा मिळे, आजच्या भाषेत प्रॉफिट शेअरिंगच म्हणा ना. पण ते ज्याचं नाव गावकरांच्या वहीत त्यालाच. शेतात चिखलात उभा राहणारा कूळ त्या वहीत नसायचा. आणि चांगला पात्रांव, म्हणजे मालक, कोण, तर जो चवथीची सुट्टी कुरकुर न करता देतो, बोनस आधी देतो आणि जमलं तर घरी येऊन माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची सजावट, बघून जातो. माझ्या वडिलांचा एक पात्रांव असा होता, त्याचं नाव आमच्या घरात अजून निघतं, पगार किती देत होता ते मात्र कोणालाच आठवत नाही.

आता वही बदलली एवढंच. १९७० मध्ये कंत्राटी कामगारांचा कायदा झाला, पण ठेकेदाराकडून माणसं घ्यायची पद्धत काही गेली नाही, आमच्याकडे पॅकिंग, लोडिंग, कँटीन, हाउसकीपिंग सगळं ठेक्यावर. 'स्टार ऑफ द मंथ'चा बोर्ड गेटवर आहे, फोटो पर्मनंटवाल्यांचेच. सर्व्हेची लिंक कंपनीच्या ईमेलवर आली, आणि तो पॅकिंगवाला, ज्याने कोणाची रे विचारलं, त्याला ईमेल आयडीच नाही. माझ्या स्क्रीनवर बघूनच विचारलं होतं त्याने.