प्रिंटरपायी बंद झालेली फायरवॉल

जळगाव-धुळ्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "भाऊ, शेजारच्या मशिनवरून प्रिंट निघत नाही, फायरवॉल बंद करून टाक." प्रिंट निघते, फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून आत-बाहेर जाणारी माहिती तपासणारा कॉम्प्युटरचा पहारा, पुन्हा चालू करायची मात्र राहून जाते. ती आली कशी हे माहीत असतं, तर एवढ्या सहज कुणी बंद केली नसती.

शब्द मूळचा बांधकामातला. एका इमारतीची आग दुसरीला लागू नये म्हणून मधे घातलेली जाड भिंत. जिनिंगच्या आवारात कापसाच्या दोन गंज्यांमध्ये मोकळी जागा का सोडतात, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही.

इंटरनेटवर पहिली मोठी आग लागली २ नोव्हेंबर १९८८ला. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे एका मशिनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, इंटरनेटला जोडलेल्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी अंदाजे ६,००० संगणकांत शिरला. तोवर सगळा कारभार भरवशावर चालायचा. त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कंपनीत पॅकेट फिल्टरचं काम सुरू होतं. नेटवरून माहिती छोट्या तुकड्यांत येते, ती पॅकेटं. पॅकेट कुठून आलं, कुठे निघालं, कोणत्या पोर्टवर, म्हणजे मशिनच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर, एवढं बघून ते सोडायचं किंवा अडवायचं. पण त्याला मागचं काही आठवत नसे. आलेलं पॅकेट आपण मागवलेलं उत्तर आहे की आगंतुक, हे त्याला कळायचं नाही.

ती उणीव 'स्टेटफुल' पद्धतीने भरून काढली. चेक पॉइंट कंपनीच्या १९९४च्या फायरवॉल-१मुळे ती सर्वदूर गेली. जिनिंगच्या गेटवरचा वॉचमन बाहेर गेलेल्या गाडीचा नंबर वहीत लिहितो. तीच गाडी परतली की आत घेतो, नोंद नसलेली थांबवतो. फायरवॉलही आतून कुणी कुणाशी बोलणं सुरू केलं याची अशीच वही ठेवते. मला या सगळ्या प्रवासातली हीच पायरी सर्वात मोलाची वाटते.

घरच्या कॉम्प्युटरला मात्र बराच काळ कुणी वाली नव्हता. विंडोज एक्सपीत २००१पासून फायरवॉल होती, पण सहसा बंदच. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला. काहीही उघडायची गरज नाही, नेट जोडलेलं असलं की पुरे, तो पोर्ट १३५मधून घुसायचा. पडद्यावर चौकट येई, साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि मशिन आपोआप रिस्टार्ट होई. अर्धवट भरलेला फॉर्म गेलाच. वर्षभराने, ऑगस्ट २००४च्या सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने फायरवॉल सुरुवातीपासूनच चालू ठेवली.

आणि मे २०१७चा वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म? तो शिरला पोर्ट ४४५मधून. विंडोजमध्ये फाइल आणि प्रिंटर शेअर होतात ते याच दारातून. म्हणजे प्रिंटसाठी अख्खी फायरवॉल पाडली की नेमकं तेच दार सताड उघडं राहतं. त्यापेक्षा फायरवॉलच्या परवानगी यादीत 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'समोर फक्त 'प्रायव्हेट'वर, म्हणजे आपल्या भरवशाच्या नेटवर्कसाठी, खूण करा, 'पब्लिक' रिकामं ठेवा. दुकानातलं नेटवर्कही प्रायव्हेट म्हणून निवडलेलं आहे ना, ते तेवढं बघून घ्या.