फोल्डिंग टेबल मागवण्याआधी: जमिनीवर एक चौकोन आखा

"सहा माणसांचं टेबल हवंय, पण बंद केल्यावर अगदी छोटं झालं पाहिजे." आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चौकशा अशा सुरू होतात. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो येतो आणि खाली एक आकडा: "पाच बाय तीन बसतंय."

टेबल बसतं, यात शंका नाही. पण उघडलेल्या टेबलाभोवती माणसं बसणार असतात, आणि त्यांची जागा त्या आकड्यात धरलेली नसते. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीपायी जातो, तुमचाही आणि आमचाही. म्हणून ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या आमच्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक लिहून ठेवलं आहे. ऑर्डर द्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावं.

आधी हिशोब पाहू. जेवताना कोपराला कोपर लागू नये म्हणून एका माणसाला टेबलाची २४ इंच कड लागते. खुर्चीवर बसायला आणि उठताना ती मागे सरकवायला टेबलाच्या कडेपासून ३० इंच मोकळे हवेत. बसलेल्यांच्या मागून कुणी वाढायला फिरणार असेल तर ३६ इंच धरा. आता पाच बाय तीनच्या टेबलावर सहाजण बसवू: लांबीच्या बाजूंना दोन-दोन आणि दोन्ही टोकांना एकेक. लांबी ६० इंच, अधिक दोन टोकांचे तीस-तीस, झाले १२० इंच, म्हणजे १० फूट. रुंदी ३६ अधिक साठ, म्हणजे ९६ इंच, ८ फूट. टेबल १५ चौरस फुटांचं आणि जेवणाला लागणारी जागा ८० चौरस फुटांची.

घोडबंदर रोडवरच्या नव्या इमारतींत दहा बाय चौदाचा हॉल नेहमी पाहायला मिळतो. तिथे हे टेबल उघडून सहाजण बसले की हॉलची १० फुटांची रुंदी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरते. स्वयंपाकघरातून गरम पोळ्या घेऊन येणाऱ्याला वाटच राहत नाही. मग टोकाच्या खुर्च्या काढल्या जातात आणि सहाजणांचं टेबल चौघांचं होऊन बसतं.

याच हॉलला आम्ही वेगळं माप सुचवतो: ६ फूट बाय अडीच फूट. लांबीच्या बाजूंना तीन-तीन माणसं, टोकाला कुणीही नाही. पंगतीसारखं समोरासमोर बसायचं. आता जागा लागते ६ फूट बाय साडेसात फूट, म्हणजे ४५ चौरस फूट. माणसं तेवढीच, टेबलही तेवढ्याच क्षेत्रफळाचं, पण जागा जवळजवळ निम्मी. शिवाय १० फुटांतून ६ गेले की ४ फुटांची वाट उरते. अडीच फूट रुंदी कमी पडेल अशी शंका बरेचजण काढतात. आपलं जेवणाचं ताट साधारण १२ इंचांचं. समोरासमोर दोन ताटं ठेवली की २४ इंच झाले आणि मधे ६ इंच उरले. वरणाचं भांडं, लोणचं, मीठ तिथे येतं. पोळ्यांचा डबा शेजारशेजारच्या दोन ताटांमधल्या जागेत मावतो. रोजच्या जेवणाला हे पुरतं.

आता मुख्य काम. टेबलाचं माप ठरवण्याआधी जमिनीवर चौकोन आखा. रंगकामाला वापरतात ती कागदी चिकटपट्टी चांगली, नाहीतर खडूही चालेल. उघड्या टेबलाचा चौकोन आखा, ज्या बाजूंना माणसं बसणार त्या बाजूंनी ३० इंचांवर दुसरी रेघ मारा. मग घरातल्या खुर्च्या, त्या नसतील तर प्लास्टिकच्या खुर्च्या त्यावर मांडा आणि सगळ्यांना बसवा. एकाला स्वयंपाकघरातून हातात परात घेऊन यायला सांगा. फ्रिजचं दार उघडून पाहा. मुख्य दार, बाल्कनीचं दार पूर्ण उघडतं का पाहा. हे सगळं सोफा आणि टीव्ही युनिट जागेवर असताना करायचं. रिकाम्या हॉलमध्ये घेतलेलं माप आम्ही धरत नाही, आणि बिल्डरच्या माहितीपत्रकातलं तर अजिबात नाही. प्लॅस्टर आणि लाद्यांनंतर प्रत्यक्ष खोली बदलते. भिंतीला लागून टेबल येणार असेल तर माप स्कर्टिंगपासून, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीपासून घ्या. स्कर्टिंग भिंतीपासून तीन-चार सूत पुढे असतं, आणि बंद टेबल भिंतीला टेकवताना तेवढ्यानेही मागे फट राहते.

या चौकोनाचा, खुर्च्यांसकट, फोटो आल्याशिवाय आम्ही प्लाय कापायला घेत नाही. काहींना हा उगाच केलेला उशीर वाटतो. "आम्ही माप दिलंय, तुम्ही बनवा" असंही ऐकायला मिळतं. असं का करतो ते सांगतो.

साध्या टेबलाची दोन इंच फळी नंतर कापता येते. फोल्डिंग टेबलात प्रत्येक भागाचं माप दुसऱ्या भागावर अवलंबून असतं. आमचं वळवून उघडणारं टेबल घ्या. बंद असताना ते ३ फूट बाय २ फूट असतं, एकावर एक दोन फळ्या. वरचा भाग पाव फेरा फिरवायचा आणि वरची फळी पुस्तकासारखी उघडायची, की ४ बाय ३ चं टेबल तयार. उघडल्यावर ते खालच्या सांगाड्यावर चारही बाजूंनी सारखं, ६-६ इंच बाहेर यायला हवं. त्यासाठी ज्या खिळीवर ते फिरतं ती खिळी मधोमध बसवून चालत नाही. मध्यापासून लांबीच्या दिशेने आणि रुंदीच्या दिशेने, दोन्हीकडे बंद फळीच्या रुंदीच्या पाव भागाइतकी ती सरकवावी लागते. रुंदी २४ इंच, म्हणून खिळी ६ इंच सरकलेली. नंतर कुणी रुंदी दोन इंच कमी करायला सांगितली तर खिळीची जागा अर्धा इंच चुकते, सांगाडाही बदलावा लागतो. म्हणजे टेबल नव्यानेच करायचं. कापलेली प्लायही दुसऱ्या ऑर्डरला क्वचितच लागू पडते. ऑर्डर देताना निम्मी रक्कम आगाऊ घेतो त्याचं कारणही हेच.

या टेबलाबद्दल आणखी एक. फिरवताना त्याचा कोपरा भिंतीच्या बाजूला एक फुटापर्यंत बाहेर येतो. त्यामुळे आधी टेबल भिंतीपासून ओढून घ्यावं लागतं. "भिंतीला पक्कं करून द्या" असं सांगितलं तर ते फिरणारच नाही. ओढणं सोपं जावं म्हणून आम्ही दोन पायांना ब्रेकची चाकं लावतो. चौघांच्या घराला, जिथे एरवी टीव्हीजवळ किंवा खिडकीखाली छोटं टेबल हवं असतं, तिथे हा प्रकार आम्हाला सगळ्यात योग्य वाटतो.

सहाजणांसाठी दोन्हीकडे खाली लोंबणारे पल्ले असलेलं टेबल बरं. इथेही एक मागणी नेहमी येते: मधली पट्टी अगदी बारीक ठेवा आणि पल्ले तीन-तीन फुटांचे करा. टेबलाची उंची ३० इंच असते. त्याहून लांब पल्ला खाली सोडला तर जमिनीला टेकेल. आम्ही २७ इंचांच्या वर जात नाही, कारण आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने लादी पुसली जाते, आणि प्लायची कड लादीजवळ असली की तिथून पाणी शिरतं. दोन पल्ले सत्तावीस-सत्तावीसचे आणि मधे १८ इंच, मिळून ७२ इंच, म्हणजे वर सांगितलेलं सहा फुटी टेबल. बंद केल्यावर १८ इंच बाय ३० इंच उरतं. एका पल्ल्यावर दोघांचं रोजचं जेवण होतं, दुसरा पाहुणे आले की उचलायचा.

पल्ल्याखाली फाटकासारखा उघडणारा पाय येतो. तो आम्ही रुंदीच्या मधोमध उभा राहील असा बसवतो, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांच्या पावलांच्या मधे. कोपऱ्यात पाय हवा असा आग्रह असेल तर तसंही करून देऊ, पण तिथे बसणाऱ्याचा गुडघा रोज त्यावर आपटेल. नुसत्या ब्रॅकेटवर २७ इंचांचा पल्ला आम्ही देत नाही. मुलं टोकावर हात टेकून उभी राहतात, मोठी माणसंही त्यावर भार देऊन उठतात.

लाकडाचं थोडक्यात. पाय आणि सांगाडा सागाचा, फळ्या १८ मिलिमीटर प्लायच्या, आयएस ७१० शिक्क्याच्या, म्हणजे मरीन प्लायच्या. "सगळंच सागाचं करा" असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की रुंद सागाची फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. साध्या टेबलात ते चालून जातं. इथे दोन फळ्यांची कड एकमेकींना सूतभराच्या हिशोबाने भेटायची असते. वर सनमायका लावला की खालूनही लायनर, म्हणजे तसाच पातळ पत्रा, लावावाच लागतो. एकाच बाजूला लावला तर फळीला बाक येतो आणि उघडल्यावर मधला सांधा वर-खाली दिसतो. बाजारातल्या टेबलाची आणि आमची किंमत ताडून पाहणार असाल, तर टेबल उलटं करून खालची बाजू जरूर बघा. बिजागरी प्लायच्या कडेत स्क्रूने बसवली आहे की फळीच्या तोंडावर, तेही बघा. कडेतला स्क्रू थर फाकवतो आणि लवकर ढिला होतो.

खुर्च्यांचा विचार मात्र फारच थोडे करतात. टेबल १८ इंचांत मिटलं आणि भोवती सहा भरभक्कम खुर्च्या उभ्याच राहिल्या, तर जागा वाचली कुठे? दोन नेहमीच्या खुर्च्या बाहेर ठेवा, बाकीच्या चार घडीच्या घ्या. पल्ल्यांच्या टेबलात मधल्या १८ इंचांच्या पोकळीत घडीच्या चार खुर्च्या उभ्या राहतील असा खण आम्ही करून देतो. त्यासाठी खुर्ची आमच्याकडूनच घ्यावी असं नाही, पण घडी केलेल्या खुर्चीची जाडी आधी कळवा. बसायची उंची १८ इंचांच्या आसपास असावी. उंच गादीची खुर्ची आणली की मांडी टेबलाच्या खालच्या पट्टीला लागते.

भिंतीला टांगून खाली उघडणारं टेबलही करतो, पण दोघांपुरतंच. त्याआधी भिंत कशाची आहे ते पाहावं लागतं. विटांच्या भिंतीत साधा प्लग धरतो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत तो ओढला जातो, तिथे वेगळे अँकर लागतात. नव्या टॉवरमधल्या पूर्ण काँक्रीटच्या भिंतीत विजेची नळी कुठून गेली आहे हे समजल्याशिवाय आम्ही ड्रिल लावत नाही. ही पाहणी घरी येऊनच होते. तिचे पैसे आकारतो आणि ऑर्डर दिल्यावर बिलातून वजा करतो.

टेबल सुट्या भागांत येतं आणि घरीच जोडून देतो, त्यामुळे लिफ्टच्या मापाची फारशी अडचण येत नाही. नौपाड्यातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत जिन्याचं वळण किती रुंद आहे तेवढं आधी सांगा.

माप पक्कं झाल्यापासून साधारण तीन आठवडे लागतात. गौरी-गणपतीसाठी हवं असेल तर श्रावण लागण्याआधी चौकोनाचा फोटो पाठवा. त्यानंतर आलेल्या ऑर्डरचं टेबल गणपतीपर्यंत पोचेल असं आम्ही कबूल करत नाही, कारण घाईत लावलेला पॉलिश त्या दमट हवेत नीट सुकत नाही. फोटोसोबत एवढं लिहा: रोज किती माणसं जेवतात, पाहुणे आले की जास्तीत जास्त किती, आणि बंद टेबल कुठल्या भिंतीपाशी राहणार. पहिल्या पावसाळ्यानंतर आमचा कारागीर येऊन बिजागऱ्या आणि पायांचे बोल्ट आवळून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत, फक्त दसऱ्याच्या आधी फोन करून वेळ ठरवून घ्या.