नामंजुरीचं पत्र आणि ‘त्रेपन्नची नोटीस’

बांधकामाचा नकाशा नामंजूर झाल्याचं पत्र असो की पाडापाडीची नोटीस, आपल्या नागपुरात दोन्हीला ‘नोटीस आली’ असंच म्हणतात. आमच्या काकांनी मानेवाड्याच्या प्लॉटचा नकाशा टाकला होता. सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, कमी म्हणून तो नामंजूर झाला. काका इतके घाबरले की लिफाफा कुठे टाकला तेही आठवेना, आणि ‘स्टे’साठी वकील शोधायला निघाले. पण पाडायला तिथे होतं काय? एक वीटही रचली नव्हती.

कायदा एकच, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. नामंजुरी कलम ४५ ची. तिच्यावर कलम ४७ खाली अपील करता येतं, तेही दिवाणी कोर्टात नव्हे, तर राज्य शासनाकडे किंवा शासनाने नेमलेल्या, किमान उपसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. मुदत ४० दिवस, आदेश तुम्हाला कळवल्याच्या तारखेपासून. म्हणून तो लिफाफा जपायचा! परवानगी मिळाली पण अटी जाचक असतील, तरी हेच अपील. मात्र ते फक्त अर्जदाराला. मंजुरीवर नाराज शेजाऱ्याला नाही.

कलम ५३ ची नोटीस उभ्या बांधकामावर येते. ती मालकालाच नाही, तिथे राहणाऱ्यालाही बजावता येते. विनापरवाना बांधकाम असेल तर मुदत अवघी २४ तासांची. या नोटिशीवर थेट ४७ चं अपील होत नाही. नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ चा, म्हणजे परवानगीचा, अर्ज द्यायचा. त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने बांधकामाला धक्का लागत नाही. गोंधळ होतो तो पुढे: हा अर्ज फेटाळला, तर ती पुन्हा नामंजुरीच, आणि तिथे ४७ चं अपील करता येतं.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते, पण अपील न करता गेलात तर ‘आधी अपील करा’ असं ऐकायची तयारी ठेवा. आणि अपील दाखल झालं म्हणजे बांधायची मुभा मिळाली, असं कृपा करून समजू नका. तेवढ्यात भिंत उचलली, तर त्रेपन्नची नोटीस येऊ शकते.

काकांचं अपील शेवटच्या आठवड्यात गेलं. लिफाफा सापडलाच नाही, पत्र कधी मिळालं ते दाखवायला स्पीड पोस्टचा ट्रॅकिंगचा कागद काढून जोडावा लागला.